डाव्या चाकाचं ‘टक्-टक्’: दुरुस्त होऊन परत येणाऱ्या आवाजाचा माग

गाडी २००९ ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक. मीटरवर १ लाख १८ हजार किलोमीटर. आवाज पुढून, डावीकडून: टक्-टक्, टक्. अडकित्त्यात सुपारी फुटते तसा कोरडा. वेग २०-३० असला आणि रस्ता खराब असला की येतो. हायवेच्या नव्या काँक्रीटवर ८० ला गाडी अगदी शहाण्या बाळासारखी चालते. या एका आवाजापायी गाडी दोन पावसाळ्यांत तीन वेळा गॅरेजला गेली. दोनदा ‘झालं काम’ म्हणून घरी आली आणि दोन्ही वेळा आवाजही मागोमाग घरी आला. शेवटी सापडलेलं कारण किरकोळ होतं. ते इतके दिवस का सापडलं नाही ते लिहितो, कारण जुनी गाडी वापरणाऱ्या बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

मी राहतो चिपळूणला. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाट चढून कराडला आईकडे जावं लागतं. म्हणजे गाडीच्या पुढच्या चाकांनी काय काय सोसलं असेल ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पहिल्या वेळी मी मेस्त्रींना जाऊन सांगितलं, “पुढचे शॉकअप गेलेत बहुतेक.” सगळा घोटाळा इथे सुरू झाला. डॉक्टरकडे जाऊन ‘पोट दुखतंय’ म्हणायच्या ऐवजी ‘अपेंडिक्स काढा’ म्हणण्यातला प्रकार. गिऱ्हाईकच पार्टचं नाव घेतं म्हटल्यावर मेस्त्री तरी दुसरीकडे कशाला बघेल? शॉकअप मूळचेच होते, एकावर तेलाचा ओघळही दिसत होता, त्यामुळे ते बदलले याचं दुःख नाही. आवाज आठवडाभर गप्प बसला. आठव्या की नवव्या दिवशी बाजारातून येताना पुन्हा टक्-टक्.

दुसऱ्या वेळी दुसरं गॅरेज. तिथल्या मुलाने गाडी लिफ्टवर घेतली, टॉमी (लोखंडी पहार) घालून इकडेतिकडे ढोसलं आणि लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, फाटलेला बुश (सांध्यातलं रबर) मला बोलावून दाखवला. खरोखरच फाटला होता. तो बदलला. आवाज थोडा मऊ झाला, गेला नाही. “काका, गाडी जुनी झाली, थोडाफार आवाज येणारच,” असं त्याने सांगितलं आणि मलाही ते पटवून घेणं सोयीचं होतं. दिवाळी गेली, शिमगा गेला. जूनमध्ये पहिल्या पावसात एक नवाच आवाज सुरू झाला: ब्रेक दाबला की ‘धप्प’. जुना टक्-टक् होताच, त्याला आता जोडीदार मिळाला.

तेव्हा मी गॅरेजला जायचं थांबवलं आणि वही घेतली.

वहीत एकच गोष्ट लिहायची: आवाज केव्हा येतो आणि केव्हा येत नाही. कुठला पार्ट असेल हा विचार जाणूनबुजून बाजूला. आवाजालाही त्याचं खरं नाव द्यायचं. आपल्या भाषेत याची चंगळ आहे: खडखड, घरघर, किर्रर्र, कुईं, ठक, धप्प, खर्रर्र, घूंऽऽ. मेस्त्रीला ‘नॉईज येतोय’ सांगण्यापेक्षा ‘वळताना कट्-कट्-कट् होतं’ एवढं सांगितलं तरी त्याचं निम्मं काम होतं.

पण वहीच्याही आधी डिकी रिकामी करा. मी थट्टा करत नाही. जॅक, पाना, स्टेपनीचा ढिला बोल्ट, दाराच्या कप्प्यातली बाटली, मागच्या सीटबेल्टचं बक्कल, नंबरप्लेट, बॅटरीची पट्टी. सगळं काढा किंवा घट्ट करा आणि मग त्याच रस्त्यावरून पुन्हा जा. माझ्या भाच्याने याच पद्धतीने मागच्या सीटखालचा एक पाना शोधून दिला. माझा आवाज तो नव्हता, तरी शंभरातून एक शक्यता गळली.

पुढची पायरी म्हणजे आवाजाची संगत कोणाशी आहे ते पाहणं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ४० च्या वेगात क्लच पूर्ण दाबा आणि इंजिनची रेस खाली येऊ द्या. आवाज होता तसाच राहिला तर इंजिनाला त्यातून मोकळं करा. तो चाकांकडचा आहे. रेसबरोबर बदलला तर बॉनेटखाली बघा. चावी बंद करून हा प्रयोग कोणी करू नये. स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचीही मदत जाते. घाटाच्या उतारावर तर क्लचचा हा प्रयोगसुद्धा नको.

चाकांकडचा असेल तर वेगाबरोबर वाढणारी एकसुरी ‘घूंऽऽ’ ही बहुतेक वेळा बेअरिंगची किंवा झिजलेल्या टायरची. रस्ता मोकळा असताना स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे वळवून पाहा. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर संशयित उजवं बेअरिंग. काहीच फरक पडला नाही तर टायर मागे-पुढे बदलून पाहा. आवाजही जागा बदलतो का ते कळेल. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू पुढे घेताना ‘कट्-कट्-कट्’ आला तर बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा चाकाजवळचा सांधा. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीस आतल्या बाजूला उडालेलं दिसेल. सकाळी सुरू केल्याकेल्या ‘कुईं’ झाला तर बेल्ट. चालू इंजिनात बेल्टवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा (हात, बाही, ओढणी लांब ठेवून). पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट ढिला, तेवढ्यापुरता थांबला तर पुली सरळ रेषेत नाहीत.

पावसाळ्यातले काही आवाज मात्र दुर्लक्ष करण्यासारखे असतात. रात्रभर भिजलेल्या गाडीची डिस्क गंजते आणि सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला ‘खर्रर्र’ करते. ब्रेकने गंज पुसला की संपलं. हँडब्रेक ओढून ठेवलेल्या ओल्या गाडीचं मागचं चाक निघताना एकदा ‘टक्’ करून सुटतं. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा, हँडब्रेक सोडा. तो त्रास जातो. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडी अडकली की असा कर्कश आवाज होतो की माणूस गाडी विकायला निघेल. चार-पाच हात रिव्हर्स घ्या, बऱ्याचदा खडी आपोआप पडते.

माझ्या वहीत आठवडाभरात जे जमलं ते असं. टक्-टक् गार-गरम बघत नाही. रेसशी संबंध नाही. ब्रेक लावला न लावला सारखंच. गावातल्या पेव्हर ब्लॉकवर येतो. एका चाकाखाली खड्डा आला की हमखास येतो. आणि शेवटची ओळ, जी लिहूनही मी तीन दिवस तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं: ‘शाळेजवळच्या मोठ्या स्पीडब्रेकरवर येत नाही.’

शॉकअपचा दोष असता तर मोठ्या स्पीडब्रेकरवर तो सगळ्यात जास्त ओरडला असता. इथे उलटंच. दोन्ही पुढची चाकं एकदम वर गेली की गप्प, एकच चाक वर गेलं की टक्-टक्. खात्री करायला मी तोच स्पीडब्रेकर तिरका घेतला, आधी डावं चाक आणि मग उजवं. लगेच टक्-टक्. सरळ घेतला, गप्प. पाच-सहा वेळा येरझारा घातल्या. शाळेचा वॉचमन खुर्ची सोडून उभा राहिला, तेव्हा थांबलो.

याचा अर्थ लागतो तो स्टॅबिलायझर बारमुळे. पुढची दोन्ही चाकं जोडणारा हा एक वाकवलेला पोलादी दांडा असतो. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये हे त्याचं काम. त्याचं टोक दोन्ही बाजूंना एकेका छोट्या लिंक रॉडने शॉकअपला जोडलेलं असतं. दोन्ही चाकं बरोबर वर गेली तर दांडा नुसता आपल्या रबरांत फिरतो. त्याला पीळ बसत नाही आणि लिंक रॉडवर जवळजवळ ताण येत नाही. एकच चाक उचललं गेलं की दांडा पिळला जातो आणि तो सगळा ताण लिंक रॉडच्या टोकांवरच्या चिमुकल्या बॉल जॉइंटवर येतो. त्यात झीज असेल तर तिथे टक्. म्हणजे सरळ स्पीडब्रेकर गप्प आणि तिरका बोलका असेल तर लिंक रॉड किंवा बारचे रबरी बुश, यापलीकडे फार लांब जावं लागत नाही. सगळ्याच छोट्या गाड्यांत अशी लिंक नसते. काही जुन्या मॉडेलांत बार थेट लोअर आर्ममध्ये अडकवलेला असतो, तिथे बारच्या टोकाचे बुश बघायचे.

पडताळा घरीच केला. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं की चाकाच्या मागच्या फटीतून हात आत जातो आणि शॉकअपला लागून लिंक रॉड हाताला येतो. भाच्याला छत धरून गाडी आडवी हलवायला लावली, नावेत बसल्यासारखी. मी दोन बोटं लिंकच्या वरच्या जॉइंटवर ठेवली (स्प्रिंगपासून लांब). कानाला काही आलं नाही, पण बोटांना टिचकी मारल्यासारखं स्पष्ट लागलं. उजव्या बाजूला तसं काही नाही.

मग लिफ्टवर दोन गॅरेजांना हे का दिसलं नाही? मला आधी वाटलं होतं की हयगय झाली. तसं नव्हतं. लिफ्टवर दोन्ही चाकं खाली लोंबतात, दोन्ही सारखी, त्यामुळे बारला पीळ नसतो. पण सगळं सस्पेन्शन शेवटच्या टोकाला ताणलेलं असतं आणि लिंक एका विचित्र कोनात अडकून घट्ट वाटते. तशी हाताने हलवली तर हलत नाही. लिंकची तपासणी गाडी चाकांवर उभी असताना करायची: रॅम्पवर, खड्ड्यावर किंवा माझ्यासारखी अंगणात. आणि शॉकअप बदलल्यावर आठवडाभर आवाज का थांबला होता तेही उलगडलं. शॉकअप काढताना लिंक सोडावीच लागते. परत लावताना झिजलेला जॉइंट थोडा फिरून बसला, नट नव्याने आवळला गेला, आणि नवी झीज होईपर्यंत गप्प राहिला. शॉकअपने आवाज थांबवला असं मी समजत होतो. थांबवला होता पान्याने.

दोन्ही बाजूंच्या लिंक बदलल्या, कारण एक नवी आणि एक जुनी ठेवण्यात शहाणपण नाही. आधीच्या दोन्ही खर्चांच्या मानाने किंमत चहापाण्याची. टक्-टक् त्या दिवसापासून गेला.

राहिला ‘धप्प’.

याचीही वही पाहिली. ब्रेक दाबल्यावर एकदा, सोडून पुढे निघताना एकदा. रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की परत एकदा. इंजिनच्या माउंटिंगचा (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांचा) आवाजही अगदी असाच असतो, म्हणून आधी दोघांना वेगळं केलं. मैदानात गाडी चालण्याच्या वेगाने सोडली, क्लच दाबूनच ठेवला आणि ब्रेक मारला. धप्प आला. क्लच दाबलेला असताना इंजिन चाकांना ओढत नाही, तरी आवाज आला, म्हणजे माउंटिंगवरचा संशय बराच कमी झाला. बॉनेट उघडून, ब्रेक पक्का दाबून, पहिला आणि रिव्हर्स आलटून-पालटून टाकत क्लच किंचित सोडून पाहिला; इंजिन जागच्या जागी राहिलं. (बघणाऱ्याने गाडीच्या बाजूला उभं राहावं, समोर किंवा मागे कधीच नाही.) मग भाच्याला लांब उभं करून डावं चाक बघायला सांगितलं. ब्रेक मारला की अख्खं चाक मडगार्डच्या कमानीत बोटभर मागे जात होतं. लोअर आर्मचा बुश. तोच, जो आठ महिन्यांपूर्वी नवा घातला होता.

इथे मला राग आला होता. बुश डुप्लिकेट घातला असणार, असं घरात मोठ्याने म्हणूनही झालं. तो काढून हातात घेतला तेव्हा वेगळंच दिसलं. रबर चांगलं होतं, मऊ, काळंभोर. पण आतल्या लोखंडी नळीच्या कडेने गोल पिळून फाटलं होतं. कापड पिळताना फाटतं तसं.

नव्या गॅरेजच्या वयस्कर मेस्त्रींनी बुश पाहिला मात्र आणि विचारलं, “आर्म बांधला तेव्हा गाडी लिफ्टवर होती ना?” होती. तेच कारण. या बुशात रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी चासीच्या ब्रॅकेटला जखडली जाते, आणि त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो नुसत्या रबराच्या पिळावर. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर रबराची ‘मोकळी’ स्थिती ती ठरते. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, अंगणात उभ्या गाडीतसुद्धा. वर घाटातले खड्डे. मग आठ महिने टिकला हेच खूप म्हणायचं. बोल्ट आडवा असलेल्या सगळ्या बुशांना हे लागू आहे. काही गाड्यांत आर्मचा मागचा बुश उभा असतो, त्याला हा पीळ तसा बसत नाही.

मेस्त्रींनी नवा आर्म लावून बोल्ट नुसते हाताने बसवले, गाडी रॅम्पवर चाकांवर उभी केली, दोनदा पुढून दाबून हलवली आणि मग खालून पाना लावून बोल्ट आवळले. वेळ जास्तीची पंधरा मिनिटं. नंतर अलाइनमेंट केलं, कारण आर्म बदलला की ते करावंच लागतं. तुमचा मेस्त्री आर्म किंवा बुश बदलणार असेल तर एवढं एक वाक्य त्याला आधी सांगा: “शेवटचं आवळणं गाडी खाली उतरवून करा.” त्याला राग आला तर येऊ दे.

आवाज शोधायची अजून एक इथली युक्ती. आवाज डावीकडचा आहे की उजवीकडचा हे आत बसून कळत नाही. पत्र्यातून तो फिरतो. गावाच्या अरुंद रस्त्याला एका बाजूने जांभ्याचा गडगा असतो. त्या बाजूची काच खाली करून गडग्याला धरून हळू जा. त्या बाजूच्या चाकाचा आवाज दगडावर आपटून थेट कानात येतो. परत फिरून दुसरी बाजू. मी डावी बाजू पक्की केली ती अशीच. शहरात हेच काम कंपाउंडची भिंत करेल.

काही आवाजांसाठी मात्र वही उघडत बसू नका. ब्रेक दाबल्यावर धातूवर धातू घासल्यासारखा ‘खर्रर्र’ दोन-चार ब्रेकनंतरही राहिला तर पॅड संपलेत. तेलाचा लाल दिवा लागून इंजिनातून ‘ठक-ठक’ आली तर तिथेच इंजिन बंद, घरापर्यंतसुद्धा नेऊ नये. आणि चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवल्यावर हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेकने हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर बहुधा लोअर बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा आणि लोअर आर्मचा सांधा. तो सुटला तर चाक जागेवर कोलमडतं. गॅरेजपर्यंत टोइंगने न्या. फक्त डावी-उजवीकडे धरून हललं तर बहुधा टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा). हे सगळं करताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून गाडीखाली डोकं घालू नका. खाली स्टँड नसेल तर ती तपासणी तुमच्यासाठी नाही.

मधल्या काळात डॅशबोर्डमधूनही एक खडखड सुरू झाली होती. पंखा दोनवर ठेवला की खुळखुळ्यासारखी. या खेपेला मी शहाणा झालो होतो; पार्टचं नाव न घेता फक्त ‘पंखा चालू, वेग दोन, डावीकडे वळताना जास्त’ एवढंच सांगितलं. ब्लोअर उघडला तर आतून अकरा सुपाऱ्या निघाल्या. मागच्या पडवीत वाळत घातलेल्या. उंदराने त्यांचं गोदाम केलं होतं.

आर्म बदलून आता अकरा महिने झाले, आणखी एक पावसाळा उलटला. पुढून काही आवाज नाही. गेल्या आठवड्यापासून मागून उजवीकडे एक बारीक ‘कुईं’ येतंय, फक्त दोन दिवस कडक ऊन पडलं की, आणि मागे दोन माणसं बसली तरच. वहीत लिहिलंय. पाना अजून घेतलेला नाही.